पत्र्या, आई आणि मी केलेले नियम

रोबोला नियम कसे घालून द्यावेत, हे मला कुणी शिकवू नये! आमच्या इमारतीत रोबो मी आणवला, त्याचे नियम मी लिहिले, आणि आज सगळी इमारत मला हसत असली तरी मी छातीठोकपणे सांगतो, नियम बरोबरच होते!

इमारत चार मजली, लिफ्ट नाही. म्हणून सामान वर चढवायला हा रोबो. पोरांनी त्याचं नाव ठेवलं पत्र्या. पहिल्याच बैठकीत प्रश्न निघाला, दोघांनी दोन हुकूम सोडले तर पत्र्याने ऐकायचं कुणाचं?

"वयाने जो मोठा, त्याचं!" मी ठणकावलं. समितीत सगळ्यांत मोठा मीच. चौसष्ट.

"आणि माणसाला विचारल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही, असंही घाला," दुसऱ्या मजल्यावरच्या नर्सबाई म्हणाल्या.

"पोती उचलणारं यंत्र ते! माणसाला कशाला हात लावतंय?" मी विषय संपवला.

गडबडीत एकच गोष्ट विसरलो. माझ्या घरात माझी आई राहते. वय अठ्ठ्याऐंशी!

चार महिन्यांपूर्वी ती जिन्यात घसरली. गुडघा कधीच बरा झाला, पण मी तिला खाली जायची बंदी केली ती केलीच. मैत्रिणी खाली बाकावर पत्ते खेळायच्या आणि ही चौथ्या मजल्याच्या खिडकीतून ओरडायची, "अगं, एक्का टाक!"

मंगळवारी सकाळी दाढी करता करता खिडकीतून पाहतो तर काय, आई बाकावर! हातात पत्ते!

तोंडाला फेस तसाच ठेवून धावलो.

"आई! खाली कशी आलीस?"

"पत्र्याने आणलं. खुर्चीसकट."

"पत्र्या, हिला वर ने!"

"नको रे," आई पत्त्यांतून मान वर न करता म्हणाली.

"आजी वयाने मोठ्या आहेत," पत्र्या मला म्हणाला.

"मग तो नियमच रद्द! आत्ताच्या आत्ता बैठक बोलावतो!" माझा आवाज चढला.

"पत्र्या, याला वर नेऊन बसव बरं. चिडला की याचं ब्लडप्रेशर वाढतं."

आणि पत्र्याने मला उचललं! पोत्यासारखं! सगळ्यांदेखत!

"सोड! मला नाही जायचं! माझी काही मर्जी आहे की नाही?" मी पाय झाडत ओरडलो.

बाकावरच्या सगळ्याजणी हसत सुटल्या. आई मात्र हसली नाही.

"चार महिने मीही तेच विचारत होते," ती म्हणाली. "ऐकलंस?"

मला फार लाज वाटली, खोटं कशाला बोलू? पण पत्र्याला ती कळू दिली नाही. चारही मजले त्याला शिव्या घालत गेलो.

संध्याकाळी नवा नियम लिहिला, "कोणत्याही रोबोने माणसाला त्याच्या मर्जीविरुद्ध उचलू नये अथवा घरात बसवून ठेवू नये." सगळ्यांनी सह्या केल्या. आईने चष्मा लावून तो दोनदा वाचला आणि 'रोबोने'च्या पुढे स्वतःच्या हाताने दोन शब्द घातले, 'किंवा मुलाने'.

यावर मी सही करणार नाही म्हणजे नाही! आईच्या हुकमावरून पत्र्या सकाळपासून पेन घेऊन माझी वाट अडवून उभा आहे. राहू दे उभा! मीही इथून हलणार नाही!

आई ना? ती खाली गेली आहे. जिना उतरून. चालत.