चंद्रीचे सर्वांत कमी गुण

एका जंगलात, मुलांनो, एक तळं होतं आणि ते वर्षातून फक्त वीस दिवस गोठायचं.

एरवी त्या तळ्यात म्हशी डुंबायच्या. पौषात बर्फ झाला की त्या काठावर उभ्या राहून नाराजीनं बघायच्या. बाकीचे प्राणी लांबूनच जायचे. एकटी चंद्री बर्फावर उतरायची.

चंद्री पाणमांजराची मुलगी. तिच्या आईनं घरातली एकुलती एक विळी मोडली, पात्याचे दोन तुकडे केले, ते फळ्यांमध्ये ठोकून बसवले आणि पोरीच्या पायांना बांधले. तेव्हापासून त्या घरात मासे दातांनीच सोलले जात. वीस दिवस चंद्री तळ्याला फेऱ्या मारायची. उरलेले तीनशे पंचेचाळीस दिवस बर्फाची वाट बघायची.

तुम्ही म्हणाल, इतकी वाट बघण्यापेक्षा तिनं दुसरा खेळ का नाही निवडला? तिचे काकाही हेच म्हणायचे. म्हणजे तुम्हीही मोठेपणी काकाच होणार.

तर एक दिवस उत्तरेच्या जंगलातून पत्र आलं. यंदाची आंतरजंगलीय अष्टपैलू स्पीड स्केटिंग अजिंक्यपद स्पर्धा, पुरुष आणि महिला, तुमच्या तळ्यावर होईल. सोबत चाळीस पानांचं नियमांचं पुस्तक होतं. पत्राच्या शेवटी लिहिलं होतं की विजेता आणि विजेती यांना उत्तरेला नेलं जाईल. तिथं बारा महिने बर्फ असतो. तिथं त्यांना शिकवलं जाईल.

ही शेवटची ओळ चंद्रीनं टपाल आणणाऱ्या कावळ्याच्या चोचीतून पत्र घेऊन तीनदा वाचली.

लगेच समिती स्थापन झाली. अध्यक्ष अप्पासाहेब गवा. सचिव साळिंदर. पहिली बैठक वडाखाली भरली आणि साळिंदरानं पुस्तक उघडलं.

"पान पहिलं. स्पर्धेत चार शर्यती. दोन लहान, दोन लांब पल्ल्याच्या. एका वेळी दोघं पळतील, एक आतल्या वाटेनं, एक बाहेरच्या. दर फेरीला वाटांची अदलाबदल. पाचशे मीटरला जितके सेकंद लागतील तितके गुण. लांबच्या शर्यतीत दर पाचशे मीटरला सरासरी जितके सेकंद, तितके गुण. चारही शर्यतींची बेरीज करावी."

"छान लिहिलंय," अप्पासाहेब म्हणाले. "पुढचं वाचलं असं समजण्यात येत आहे."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

त्या जंगलाची ही जुनी रीत होती. पहिलं पान वाचायचं आणि पुढचं वाचलं असं समजायचं. वणवा विझवण्याची योजनाही अशीच मंजूर झाली होती. तेव्हापासून अर्धं जंगल मोकळं आणि हवेशीर आहे.

चंद्रीनं मात्र ते पुस्तक मागून नेलं आणि चाळीसही पानं वाचली. तिच्याकडे वेळ होता. चाळिसाव्या पानावर एकच ओळ होती. 'ज्याची बेरीज सर्वांत कमी, तो विजेता.' चंद्रीला हसू आलं. जो कमी वेळात पळाला तो जिंकला, एवढं सांगायला आख्खं पान कशाला?

मुलांनो, चंद्री हुशार होती. पण तिला समितीचा अनुभव नव्हता.

स्पर्धेचा दिवस उजाडला. उत्तरेहून मुख्य परीक्षक म्हणून पांढरी कोल्ही आली. तिच्याबरोबर लांब पायांची हरणं होती, ससे होते, सगळे अंगाला घट्ट बसणारे कपडे घातलेले. कोल्हीला इथली भाषा येत नव्हती, म्हणून दुभाषा म्हणून राघू पोपटाला नेमलं होतं. राघूचं आयुष्य राजवाड्यातल्या पिंजऱ्यात गेलेलं. गोड बोलण्याशिवाय त्याला काही येत नव्हतं.

अप्पासाहेबांनी उद्घाटनाचा नारळ बर्फावरच फोडला. बर्फाला तडा गेला. तो बुजेपर्यंत भाषणं झाली.

"पाहुणे इतके आलेत," अप्पासाहेब म्हणाले, "आणि आपल्याकडून एकच पाणमांजर? जंगलाची काही शोभा?" म्हणून ऐन वेळी त्यांनी स्वतःची भाची तुळसा म्हैस हिला महिलांमध्ये उतरवलं. पुरुषांमध्ये अजगराचं नाव घातलं. अजगराला स्केट कुठं बांधायचे यावर समितीच्या दोन बैठका झाल्या. शेवटी पोटाला बांधले.

शर्यती सुरू झाल्या.

चंद्री सुटली ती जणू वीस वर्षांचे वीस दिवस एकदम पायांत आल्यासारखी. वळणावर ती इतकी वाकायची की तिच्या मिशा बर्फाला लागायच्या. तिची गाठ हिमा नावाच्या उत्तरेच्या हरिणीशी होती. पाचशेला हिमा पुढं. पंधराशेला चंद्री. तीन हजारला पुन्हा हिमा. शेवटच्या पाच हजारात चंद्रीची फळी करकरू लागली, पण ती थांबली नाही. काठावर तिची आई उभी होती. ओरडायला तोंड उघडलं की तिला रडू येत होतं.

चंद्रीची बेरीज झाली एकशे एक्क्याऐंशी. हिमाची एकशे चौऱ्याऐंशी.

तुळसाही पळाली. म्हणजे चालली. वाटा बदलायच्या जागी समोरची आली की ती थांबून म्हणायची, "तुम्ही आधी. नाही नाही, तुम्हीच. घरी सगळे बरे ना?" समोरची कधीच निघून गेलेली असायची, तरी तुळसा उत्तराची वाट बघायची. मधेच ती बसलीसुद्धा. तिची बेरीज झाली दोन हजार तीनशे दहा.

अजगर पहिल्याच वळणावर झोपला. वारा सुटला की झोपेतच पुढं सरकायचा. चारही शर्यती त्यानं अशाच पुऱ्या केल्या. त्यासाठी स्पर्धा चार दिवस लांबवावी लागली आणि त्याचे गुण फळ्यावर मावेनात.

साळिंदरानं फळा वाचला आणि त्याचे काटे आनंदानं उभे राहिले.

"अप्पासाहेब! महिलांत सर्वांत जास्त गुण तुळसाताई! पुरुषांत अजगरराव! दोन्ही अजिंक्यपदं आपलीच! पाहुणे आसपाससुद्धा नाहीत!"

काय तो जल्लोष! माकडांनी ढोल बडवले. तुळसाच्या गळ्यात झेंडूचा हार पडला. अजगराच्या गळ्यात घालायचा हार त्याचा गळा नक्की कुठं संपतो हे न कळल्यामुळं मधोमध घातला.

पांढरी कोल्ही धावत मंचावर आली आणि आपल्या भाषेत ओरडू लागली. ती म्हणत होती, "हे काय चालवलंय? तुम्ही निकाल उलटा लावलाय!"

राघूनं घसा साफ केला. "पाहुण्या म्हणतात, असं आयोजन त्यांनी आजवर पाहिलेलं नाही."

टाळ्या. कोल्ही आणखी ओरडली.

"पाहुण्यांना भरून आलंय," राघू म्हणाला.

अप्पासाहेबांनी लगबगीनं तिच्या अंगावर शाल टाकली आणि हातात नारळ दिला. आता तुम्हीच सांगा, अंगावर शाल आणि हातात नारळ असताना कुणाला रागावता आलंय?

तेव्हा चंद्री पुढं आली. पायांतले स्केटही तिनं सोडले नव्हते.

"अप्पाकाका, चुकलंय. कमी गुणवाला जिंकतो."

"कमी गुणवाला?" अप्पासाहेब पोट धरून हसले. "अगं, शाळेत गेली होतीस का कधी? कमी गुण म्हणजे नापास."

"इथं गुण म्हणजे वेळ आहे. चाळिसावं पान बघा."

साळिंदरानं चाळिसावं पान बघितलं. त्याचे काटे हळूहळू खाली बसले. तो अप्पासाहेबांच्या कानात काहीतरी बोलला. अप्पासाहेबांनी शेपटी हलवली.

"हे पान वाचलं असं समजण्यात आलेलं आहे," ते म्हणाले. "एकदा वाचलेलं परत कसं वाचणार?"

"काका, खरं मोजलंत तरी आपलंच जंगल जिंकतंय! मी काय परकी आहे? हिमाला मी तीन गुणांनी मागं टाकलंय. खरोखर टाकलंय."

आता अप्पासाहेब खरंच विचारात पडले. ते काही दुष्ट नव्हते.

"म्हणजे तुझ्या हिशेबानं महिलांत आपण जिंकलो?"

"हो!"

"आणि आमच्या हिशेबानंही आपणच जिंकलो?"

"हो, पण..."

"मग तक्रार कशाची आहे, बाळ?"

चंद्रीकडे उत्तर होतं, पण ते इतकं साधं होतं की मोठ्यांना कसं सांगावं ते तिला कळेना.

"शिवाय सत्कार झालाय," अप्पासाहेब समजुतीनं म्हणाले. "घातलेला हार परत कसा घ्यायचा?"

सगळ्यांनी तुळसाकडे बघितलं. तिच्या तोंडातून फक्त दोरा लोंबत होता.

"ताजा होता," तुळसा म्हणाली. "मामा, ते उत्तरेला जायचं मात्र मला जमणार नाही हं. बारा महिने बर्फ! मग डुंबायचं कुठं?"

"मग मला जाऊ द्या," चंद्री म्हणाली. "ती नाही तर मी जाते."

"तुझा नंबर शेवटचा," साळिंदर फळ्याकडे न बघता म्हणाला.

"शेवटचीला पाठवायचं?" अप्पासाहेब कळवळून म्हणाले. "तिकडे काय म्हणतील? जागा रिकामी गेली तरी चालेल, पण आपण नियमाबाहेर जायचं नाही."

आणि तसा ठराव झाला. एकमतानं.

चंद्री घरी आली. आईनं तिच्याकडे बघितलं. कोपऱ्यातला चामड्याचा पट्टा काढून तिनं स्केट पोरीच्या खांद्यावर नीट बांधून दिले.

"पातं बोथट झालंय," ती म्हणाली. "तिकडे गेल्यावर धार लावून घे."

"मला कुणी पाठवत नाहीये, आई."

"ते कळलं मला. पाय आहेत ना?"

"आणि तुला विळी?"

"दातांची सवय झालीय आता. नीघ."

पांढरी कोल्ही शाल पांघरून उत्तरेच्या वाटेला लागली होती. मागं पावलं वाजली म्हणून तिनं वळून बघितलं. चंद्रीला तिची भाषा येत नव्हती, तिला चंद्रीची येत नव्हती. कोल्ही थांबली. हातातला नारळ तिनं वाटेवरच्या दगडावर फोडला आणि अर्धा चंद्रीला दिला. राघू जवळ नव्हता, म्हणून दोघींना एकमेकींचं सगळं कळलं.

पुढच्या वर्षी जंगलानं स्वतःहून स्पर्धा भरवली. पाहुणे आले नाहीत. पाहुण्यांशिवायही ती आंतरजंगलीयच आहे, असा ठराव झाला.

दरम्यान अजगररावांनी शिकवणी काढली होती. पाटीवर लिहिलं होतं, 'न हलता यश.' हरणं, ससे, झाडून सगळ्या जंगलाची पोरं तिथं जायची. दिवसभर पडून राहायची. पालक कौतुकानं बघायचे आणि एखाद्यानं कूस बदलली की त्याला रागवायचे.

शर्यत सुरू झाल्याची शिट्टी वाजली आणि कुणीही हललं नाही. पहिला दिवस गेला. आठवडा गेला. "अटीतटीची लढत!" माकड ओरडत राहिलं. माघ संपला, ऊन चढलं, बर्फ वितळला. स्पर्धक गळ्यापर्यंत पाण्यात उभे होते, पण जिद्द अशी की एकानंही पाय उचलला नाही. म्हशींनी तर हा खेळ मनापासून आपला मानला.

ती शर्यत अजून चालू आहे.

याच सुमाराला कावळा बातमी घेऊन आला, की उत्तरेच्या स्पर्धेत चंद्री पहिली आली. चाळिसाव्या पानाप्रमाणे.

दुसऱ्या दिवशी वडावर मोठा फलक लागला. 'आपल्या जंगलाची लाडकी कन्या चंद्री हिचं हार्दिक अभिनंदन!' फलकावर अप्पासाहेबांचा फोटो होता, साळिंदराचा होता, अजगररावांचा तर या टोकापासून त्या टोकापर्यंत होता. चंद्रीच्या फोटोला जागा उरली नाही. खाली तुळसानं फलकाचा एक कोपरा खाऊन बघितला आणि तो तिला झेंडूइतका आवडला नाही.

तात्पर्य: मुलांनो, पुस्तकाचं शेवटचं पान कधीही वाचू नका. ते वाचणाऱ्याला घर सोडून थंडीत फार लांब जावं लागतं. न वाचणाऱ्याला घरबसल्या हार मिळतो, आणि भूक लागली तर तो खाताही येतो. उरलेलं तात्पर्य वाचलं असं समजण्यात यावं.