मेपलखालच्या खुर्च्या

वेंडेल ह्रुश्काला त्याच्या बायकोने निवडणुकीतलं एकच काम दिलं होतं, आणि तेही पुष्कळ विचार करून. मिरवणुकीच्या आदल्या संध्याकाळी रस्त्याच्या कडेला घरच्या खुर्च्या मांडून यायच्या. यात कोणाशी बोलावं लागत नाही आणि कोणाला काही पटवावंही लागत नाही. (आधी त्याच्याकडे पत्रकं वाटायचं काम होतं. पण समोरचा नुसता विचारात पडलेला दिसला, तरी वेंडेल माफी मागून पत्रक परत घ्यायचा.)

बायको म्हणजे जोलीन. ती केलर्स बेंड या त्यांच्या छोट्या शहरातल्या एका दाताच्या दवाखान्यात काउंटरवर बसायची. वॉर्डातल्या निम्म्या मतदारांच्या दाढा तिला ठाऊक होत्या. उन्हाळ्याच्या सुरुवातीला नगर कौन्सिलने मुलांचा पोहण्याचा तलाव बंद करायचं ठरवलं, तेव्हा ती भडकली आणि थेट ऑर्व्हिल टेस्केच्या विरोधात उभी राहिली. ऑर्व्हिल इतकी वर्षं कौन्सिलवर होता की त्याच्या विरोधात उभं राहायचं असतं हेच लोक विसरले होते. माणूस वाईट नव्हता. पण जोलीनला जिंकायचं होतं, अगदी मनापासून, आणि कणसांच्या जत्रेतली मिरवणूक ही तिची सगळ्यात मोठी संधी होती. त्या दिवशी सगळा वॉर्ड रस्त्याच्या कडेला बसलेला असतो आणि उमेदवाराला मुलांच्या अंगावर गोळ्या-चॉकलेटं उधळत समोरून चालत जाता येतं.

खुर्च्यांचं काम सोपं खरं, पण त्यालाही रीत आहे. शुक्रवारी संध्याकाळी सगळं शहर आपापल्या घडीच्या खुर्च्या आणून फुटपाथवर मांडतं आणि घरी जातं. रात्रभर रस्ता रिकाम्या खुर्च्यांनी भरलेला असतो. एकही खुर्ची चोरीला जात नाही, कोणी इंचभर सरकवतही नाही. (याच शहरात ऑगस्टमध्ये लोक गाडीला न चुकता कुलूप लावतात. चोरांची भीती नसते, भीती असते शेजाऱ्यांची. गाडी उघडी दिसली की ते आपल्या परसातल्या जास्तीच्या झुकिनी, म्हणजे काकडीसारख्या दिसणाऱ्या भोपळ्याच्या जातीच्या भाज्या, आत टाकून पळून जातात.) शिवाय कोणत्या घराने कुठे बसायचं हे ठरलेलं असतं. ते कुठे लिहिलेलं नाही, कोणी कोणाला सांगत नाही, पण माहीत सगळ्यांना असतं.

ह्रुश्कांची जागा हार्डवेअरच्या दुकानासमोर, गटाराच्या झाकणाशेजारी. दिवसभर ऊन. वेंडेल खुर्च्या घेऊन तिकडेच निघाला होता, पण वाटेत त्याला जुन्या पोस्टासमोरचं मेपलचं झाड दिसलं. खाली गार सावली, आणि दोन्ही बाजूंना खुर्च्यांची दाटी असताना झाडाखालची जागा मात्र साफ मोकळी. एवढी चांगली जागा मोकळी का, असा प्रश्न दुसऱ्या कोणालाही पडला असता. वेंडेलला वाटलं, आपलं नशीब उघडलं. त्याने तिथे खुर्च्या मांडल्या आणि हुशारी म्हणून प्रत्येकीच्या पाठीवर जोलीनचा फलक बांधला: ‘तलाव वाचवा. जोलीन ह्रुश्का.’

शेजारचा गस पावेल्का तिथून चालला होता. तो थांबला.

“नवीन जागा?”

“हो ना. सावली आहे.”

“सावली आहे खरी,” गस म्हणाला. मग बराच वेळ खुर्च्यांकडे बघत राहिला. “वेगळंच सुचलं तुला.”

वेंडेल खूश झाला. इथली माणसं शेजारच्या घराला आग लागली तरी ‘वेगळंच’ एवढंच म्हणतात, हे जन्मभर इथे राहूनही त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

घरी जोलीन चॉकलेटं पिशवीत भरत होती. “मांडल्यास?”

“मांडल्या. जागा अशी मिळालीये की बघत राहशील.”

“वेंडेल, जागा मिळत नसते. जागा असते.”

“उद्या बघ तर.”

जोलीनने हातातली पिशवी खाली ठेवली, पण तेवढ्यात फोन वाजला आणि विषय तिथेच राहिला.

सकाळी वेंडेल पोचला तर खुर्च्या जागच्या जागी. शेजारी मात्र, भर उन्हात, एका छोट्याशा स्टुलावर टेस्केबाई बसल्या होत्या. टेस्केबाई म्हणजे ऑर्व्हिलची आई, नव्वदी ओलांडलेली. तो मेपल त्यांच्या नवऱ्याने लावलेला. झाड काठीएवढं होतं तेव्हापासून त्या त्याच्याखाली बसून मिरवणूक बघत आल्या होत्या. आदल्या दिवशी खुर्ची ठेवायची त्यांना कधी गरजच पडली नव्हती.

वेंडेलच्या तोंडचं पाणी पळालं. आसपासचे सगळे आभाळाकडे बघत होते. जोलीनची बहीण मार्वा पोरांना घेऊन आली, फलक बघितले, टेस्केबाईंना बघितलं आणि म्हणाली, “आम्ही उभेच राहतो हं. पोरांना उभं राहायला आवडतं.” पोरं बसायला निघाली होती, त्यांना तिने दंडाला धरून पलीकडे नेलं.

वेंडेल पुढे झाला. “टेस्केबाई, सावलीत बसा ना.”

“नको रे बाळा, मी इथे मजेत आहे.”

“बसा हो. खुर्च्या रिकाम्याच आहेत.”

“छे छे, तुमच्या माणसांना लागतील.”

इथवर सगळं रीतीला धरून चाललं होतं. पहिल्यांदा विचारलं की नाही म्हणायचं, दुसऱ्यांदाही नाही म्हणायचं आणि तिसऱ्यांदा ‘आता एवढं म्हणतोसच तर’ म्हणत उठायचं. लहान पोरालाही हे कळतं. टेस्केबाईंनी उठण्यासाठी स्टुलावर हातसुद्धा टेकवला होता. नेमका तेव्हाच गस आला आणि त्याने वेंडेलच्या हातात तान्ह्या बाळाएवढी झुकिनी ठेवली. वेंडेल ती नको म्हणण्यात गुंतला. दोनदा नको म्हणून तिसऱ्यांदा त्याने ती घेतली, रीतीप्रमाणे. मागे वळला तोवर बँड वाजायला लागला होता, आणि आपण किती वेळा विचारलं हे तो साफ विसरला होता. विचारून झालं, त्यांना ऊनच आवडतं, असं म्हणून तो झुकिनी पोटाशी धरून उभा राहिला. टेस्केबाईंनी हात परत मांडीवर घेतला.

मिरवणूक आली. ट्रॅक्टर गेले, जत्रेसाठी निवडलेली कणसांची राणी गेली, आणि मग चॉकलेटं उधळत जोलीन आली. तिच्यामागे शाळेचा बँड, आणि बँडच्या मागे उघड्या गाडीत हात हलवणारा ऑर्व्हिल. जोलीनला लांबूनच सगळं दिसलं: सावलीत आपल्या नावाच्या रिकाम्या खुर्च्या आणि उन्हात लालबुंद झालेली विरोधी उमेदवाराची म्हातारी आई. तिचं तोंड हसतच राहिलं, कारण मिरवणुकीत हसावं लागतं. तलाव गेला, निवडणूक गेली, आणि आता या गावात तोंड दाखवायची सोय उरली नाही, हे तिला एका क्षणात कळलं.

ती रांग सोडून बाजूला आली. मागचा बँड अडखळला आणि थांबला. गाडी थांबली.

“टेस्केबाई,” जोलीन म्हणाली, “सावलीत बसा ना.”

“आता एवढं म्हणतेसच तर,” असं म्हणत बाई ताडकन उठल्या आणि मधल्या खुर्चीत बसल्या. “बरं झालं आलीस. टाळू भाजून निघाली. हा आपला दोनदा विचारून गप्पच झाला.”

जोलीन घाईघाईने पाठीमागचा फलक सोडायला लागली.

“असू दे गं. पाठीला टेकू होतो.” बाईंनी वेंडेलकडे नीट बघितलं, मग त्याच्या हातातल्या झुकिनीकडे. “तुझा नवरा का?”

“हो,” जोलीन म्हणाली. नाही म्हणायची सोय नव्हती.

“बरीच वर्षं झाली असतील?”

“मुलगी कॉलेजात आहे.”

टेस्केबाईंना कमी ऐकू यायचं, म्हणून त्या बोलायच्या मोठ्याने. बँड बंद होता. त्यामुळे पुढचं वाक्य पार हार्डवेअरच्या दुकानापर्यंत सगळ्यांना ऐकू गेलं.

“याच्याबरोबर एवढी वर्षं काढलीस, तर कौन्सिल तुला काय जड आहे. माझं मत तुला.”

गाडीतून ऑर्व्हिल म्हणाला, “आई, अगं मी उभा आहे.”

“माहितीये मला. निवडून नाही आलास तर घरी ये, गवत गुडघ्याएवढं वाढलंय.”

आधी गस हसला, मग त्याच्या शेजारचे, मग सगळा रस्ता. सगळ्यात शेवटी ऑर्व्हिल हसला, आणि वेंडेल सोडून कोणी हसायचं राहिलं नाही.

पुढच्या आठवड्यात जोलीनने नवे फलक छापून घेतले. तलावाचा उल्लेख खाली बारीक अक्षरांत होता. वर मोठ्या अक्षरांत होतं: ‘नवऱ्याला सांभाळलं, कौन्सिलही सांभाळेल.’ जन्मात कधी अंगणात फलक न लावलेल्या घरांनीही ते मागून नेले. ठोकायला हातोडा घेऊन वेंडेलच फिरायचा. घरमालक फलक वाचायचे, त्याच्याकडे बघायचे, आणि लिंबू सरबत आणून द्यायचे.

नोव्हेंबरात जोलीन निवडून आली. दुसऱ्या दिवशी शिरस्त्याप्रमाणे सगळ्यांनी आपापल्या अंगणातले फलक उपटून ठेवले. एकच राहिला. वेंडेल तो काढायला गेला, तर घरातल्या बाईंनी त्याला पायरीवरच अडवलं.

“निवडणूक संपली गं आता,” वेंडेल म्हणाला.

“संपली असेल,” त्याची आई म्हणाली. “पण त्यावर लिहिलेलं काही खोटं झालेलं नाही.”