आई-वडील एकत्र राहतात का?

फॉर्म भरण्यात आमच्या अख्ख्या बिल्डिंगमध्ये माझा हात धरणारा कोणी नाही. त्यामुळे मुलीच्या विद्यापीठातल्या फी-सवलतीचा अर्जही मीच भरला. बायको तेव्हा रुसून बहिणीकडे गेली होती. राग उतरला की येईल, असं मी धरून चाललो होतो.

तपासणीसाठी विद्यापीठातून एका बाईंचा फोन आला, तेव्हा मी उतू गेलेलं दूध पुसत होतो.

"मुलीच्या आईंशी बोलायचंय."

"ती गेली," मी म्हणालो.

"अरेरे. कधी?"

"झाले पंधरा दिवस."

"अचानक?"

"तसं नाही. कुरकुर बरीच वर्षं होती. मीच लक्ष दिलं नाही."

"सावरा स्वतःला," बाई गहिवरून म्हणाल्या. मला भरून आलं. बायको बहिणीकडे गेल्याचं इतकं दुःख सख्ख्या भावानेही केलं नव्हतं.

पुढच्याच आठवड्यात मुलीच्या नावावर पूर्ण फी लागली. कारण, आईच्या मृत्यूचा दाखला जोडलेला नाही. फी भरली नाही तर परीक्षेला बसता येणार नव्हतं. मुलीने मोबाइल माझ्या नाकासमोर धरला.

"बाबा, तू आईला मारून टाकलंस?"

मी तडक विद्यापीठ गाठलं. खिडकीत त्याच बाई होत्या. "माझी बायको जिवंत आहे," मी ठणकावून सांगितलं. त्यांनी माझ्याकडे कळवळून पाहिलं आणि पाण्याचा ग्लास पुढे केला.

"सुरुवातीला असंच वाटतं हो," त्या म्हणाल्या.

शेवटी बायकोला फोन लावला. "तू जिवंत आहेस, हे दाखवायला यावं लागेल."

ती म्हणाली, "पोरीसाठी येते."

आली. केस कापले होते. छान दिसतायत, असं म्हणायचं होतं, ते राहूनच गेलं. बाईंनी तिला नखशिखांत न्याहाळलं, ओळखपत्र पाहिलं, नोंद खोडली आणि नवा कागद पुढे सरकवला. आई-वडील एकत्र राहतात का? हो किंवा नाही.

मी सवयीने पेन उचललं. बायकोने ते माझ्या हातातून काढून घेतलं, कागद सावकाश वाचला आणि 'नाही'वर खूण केली.

"अगं, चुकीची खूण झाली."

"नाही झाली," ती म्हणाली. आवाज चढवला असता तरी बरं वाटलं असतं.

मुलगी भिंतीवरचं वेळापत्रक वाचत उभी राहिली. तिच्या वर्गाचं नव्हतं ते.

बाईंनी हिशेब केला. मुलगी माझ्याकडे राहते, म्हणजे बायकोचा पगार वगळून माझ्या एकट्याचाच धरायचा. सवलत सोडाच, आता सगळी फी माफ होत होती. त्यांनी आम्हा दोघांचं मनापासून अभिनंदन केलं. मी 'थँक्यू' म्हणालो.