तीनशे बारा ‘जर’ आणि इंदी भेकर

एका जंगलात एक वेबसाइट होती.

हसू नका, पोरांनो. जंगलात प्राणी बोलतात, दरबार भरवतात, हे तुम्ही मुकाट ऐकून घेता, आणि वेबसाइट म्हटली की दात काढता. होती म्हणजे होती. मोबाईल कुठून आले तेही विचारायचं नाही. जिथे गवत उगवत नाही तिथेसुद्धा रेंज असते. पुढे ऐका.

त्या जंगलात उन्हाळा आला की सगळे ओढे आटायचे आणि पाणी उरायचं ते एका डोहात. मग तिथे अशी झुंबड उडायची की बोलायची सोय नाही. पाणी प्यायला गेलेले निम्मे घरी यायचेच नाहीत. ते उरलेल्या निम्म्यांच्या पोटात असायचे. शेवटी वाघमहाराजांनी फर्मान काढलं. ज्याला तहान लागली त्यानं वेबसाइटवर मागणी नोंदवायची. वेबसाइट त्याला वेळ देईल. ज्याची वेळ, त्याचा डोह. दुसऱ्याच्या वेळेत कुणी तिथे रेंगाळला आणि त्याचं काही बरंवाईट झालं, तर तक्रार ऐकली जाणार नाही.

आता वेबसाइटवरची प्रत्येक मागणी पहिल्यांदा ज्या फाईलीवर येऊन आदळते, तिला म्हणतात कंट्रोलर. लग्नघरात एक मामा असतो बघा. भटजी कुठे बसलेत, पाहुणे कुठे उतरवायचे, नवरीची नथ कुणाकडे आहे, सगळे त्याला विचारतात आणि तो बोट दाखवतो. त्याचं काम तेवढंच. या जंगलातला मामा मात्र बोट दाखवून थांबायचा नाही. जिलब्याही तोच तळायचा, पंगतही तोच वाढायचा, वेळ आली तर सनईसुद्धा फुंकायचा. चार हजार ओळींची एकच फाईल, आणि तिच्यात तीनशे बारा ‘जर’. जर मागणारा हत्ती असेल, तर. जर हत्तीण असेल आणि मागे कळप असेल, तर. जर अस्वल असेल आणि मोहाची फुलं पडायचे दिवस असतील, तर आधी त्याला शुद्धीवर येऊ द्यावं, मग तर.

हा सगळा डोलारा दामूअण्णा कासवानं बारा उन्हाळे खपून उभा केला होता. निवृत्त झाल्यावर अण्णा डोहाकाठच्या चिखलात शिरला तो शिरलाच. मागे ती फाईल सांभाळायला राहिली इंदी भेकर.

भेकर म्हणजे लहानसं हरीण. घाबरलं की ते चक्क कुत्र्यासारखं भुंकतं, आणि अख्ख्या रानाला ऐकू जातं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

इंदीला एक धाकटी बहीण होती, चंद्री. चंद्रीचा मागचा पाय लहानपणी फाशात सापडून अधू झालेला. ती डोहावर पोचायची हळूहळू, प्यायची हळूहळू, आणि चढ चढून परत जायची त्याहून हळू. तिच्यासाठी अण्णानं एक ‘जर’ लिहून ठेवला होता. ओळ दोन हजार एकशे सात. ‘जर मागणारा लंगडा असेल, तर त्याच्या पुढची वेळ कुणालाही देऊ नये. डोह रिकामा ठेवावा.’ खाली अण्णाचीच टीप होती: ‘हे काढू नका.’ का काढू नका, ते लिहिलेलं नव्हतं. अण्णाला कारणं लिहायचा भारी कंटाळा. पण इंदीला कारण ठाऊक होतं. त्या एका ओळीवर तिची बहीण जिवंत होती.

एके दिवशी जंगलात सल्लागार म्हणून धनेश आला. पाहिलाय का धनेश पक्षी? ही एवढी चोच, आणि चोचीवर आणखी एक चोच ठेवल्यासारखं शिंग. बघणाऱ्याला वाटतं, बाप रे, केवढं हे डोकं! ते शिंग आतून पोकळ असतं. पण जवळ गेल्याशिवाय कळत नाही, आणि सल्लागाराच्या इतक्या जवळ जातो कोण?

धनेशनं एक यंत्र आणलं होतं. त्याचं नाव गुंतामापक. ते फाईलीवर धरायचं, एका वेळी एकाच फाईलीवर. ते तिच्यातले ‘जर’ मोजतं, त्यात सरळ वाटेचा एक मिळवतं आणि आकडा सांगतं. जितका आकडा मोठा, तितका गुंता मोठा.

“महाराज,” धनेश म्हणाला, “चांगल्या जंगलाचा गुंता दहाच्या वर जात नाही. तुमचा तीनशे तेरा आहे.”

महाराजांनी कान मागे पाडले. आकडा कशाचा आहे ते त्यांना कळलं नव्हतं, पण मोठा आहे एवढं कळलं होतं. त्यांनी इंदीला बोलावून घेतलं.

“इंदे, महिन्याभरात गुंता दहावर आला पाहिजे.”

“करते महाराज. पण त्यातले काही ‘जर’ खरंच कामाचे आहेत.”

“कामाचे ठेव की. कोण नको म्हणतंय? फक्त दहा.”

इंदी कामाला लागली. बिचारी प्रामाणिक होती, तिथेच तिचं चुकलं. एकेका ‘जर’चा कान धरून ती जंगलभर हिंडली. हा कुणासाठी? कशासाठी? अजून लागतो का? चाळीस ‘जर’ मरून गेलेल्यांसाठी होते. एकोणीस एका ओढ्यासाठी होते आणि तो ओढा कायमचा आटून पाच वर्षं झाली होती. शंभरावर तर एकमेकांच्या नकला होत्या. एक ‘जर’ निव्वळ महाराजांच्या सासूबाईंसाठी होता. त्या एकदाच आल्या होत्या. तो काढण्याआधी इंदीनं महाराजांना विचारलं. “काढ,” महाराज म्हणाले, जरा घाईनंच.

कुठे अडलं की ती चिखलापाशी जाऊन हाक मारायची.

“अण्णा, सापाच्या पाठोपाठ मुंगसाला वेळ का द्यायची नाही?”

चिखलातून बुडबुडे यायचे. “दिली होती एकदा,” अण्णा म्हणायचा, आणि पुन्हा बुडबुडे.

महिना संपता संपता तीनशे बाराचे सेहेचाळीस उरले. फाईल अशी झाली की वाचली की अख्खं जंगल समजावं. प्रत्येक ‘जर’खाली कारण. चंद्रीच्या ओळीखाली इंदीनं लिहिलं: ‘तिला चढ चढायला वेळ लागतो. तिच्यामागून बिबट्याचा नंबर असतो.’

धनेशनं यंत्र धरलं. “सत्तेचाळीस.”

“आता यातला एकही निघायचा नाही, महाराज,” इंदी म्हणाली. “गुंता वेबसाइटमध्ये नाही हो, जंगलातच आहे. कुणी लंगडं आहे, कुणी आंधळं आहे, कुणाच्या पोटाशी पिल्लं आहेत. त्यांना कुठे नेऊन टाकू?”

महाराज विचारात पडले. बोलणं त्यांना पटायला लागलं होतं. तेवढ्यात धनेशनं घसा खाकरला.

“दोन दिवस द्या, महाराज.”

दोन दिवसांत धनेशनं काय केलं? समजून घेतलं? छे, त्याला कुठे वेळ होता! त्यानं फाईलीचे तुकडे केले. एका फाईलीच्या एकशे वीस फायली. पहिलीत नऊ ‘जर’ ठेवले, बाकीच्यांत एखाददुसरा, पुष्कळांत एकही नाही. त्यांना नावं दिली. ‘व्यवस्थापक’, ‘सहव्यवस्थापक’, ‘सहव्यवस्थापकाचा सहायक’, ‘किरकोळ’, ‘किरकोळ-दोन’. पहिली फाईल दुसरीला विचारायची, दुसरी तिसरीला, आणि तिसरी म्हणायची, साहेब जागेवर नाहीत.

मग त्यानं पहिल्या फाईलीवर यंत्र धरलं. दहा! बाकीच्या एकशे एकोणिसांवर धरायचं कुणाला सुचलं नाही. दरबारात टाळ्यांचा कडकडाट झाला. महाराजांनी डोहाच्या वाटेवर एक मोठी फळी ठोकली आणि तिच्यावर रंगवून घेतलं, ‘गुंता: दहा’. जाणारा येणारा थांबून वाचायचा आणि मान डोलवायचा.

इंदीनं मान डोलवली नाही. तिनं विचारलं, “धनेशराव, चंद्रीची ओळ कुठे गेली?”

“आहे, आहे. सगळं आहे. एकही नियम गाळलेला नाही.”

“पण कुठे आहे?”

“ते काय मी पाठ करून बसलोय?”

इंदी शोधायला बसली. एकेक फाईल उघडायची, बघायची, मिटायची. तिसऱ्या दिवशी दुपारी शहाण्णवाव्या फाईलीत, ‘किरकोळ-दोन’मध्ये, ती ओळ सापडली. खाली इंदीची टीपसुद्धा जशीच्या तशी. इंदीच्या जिवात जीव आला. मग तिनं बघितलं, या फाईलीला विचारायला कोणती फाईल येते.

कुठलीच नाही.

एकशे वीसमधली एकही फाईल ‘किरकोळ-दोन’कडे फिरकत नव्हती. इंदीनं वर पाहिलं. उन्हं कलली होती. चंद्रीची पाण्याची वेळ होऊन गेली होती. नव्या फायली आल्यापासून बिबट्यानं मागणी टाकली नव्हती, आज टाकली होती. इंदी उठली ती पळतच सुटली.

चंद्री पाणी पिऊन चढाला लागली होती. अर्धा चढ उरला होता. आणि वरच्या खडकावर बिबट्या उभा होता, पंजात मोबाईल धरून.

“थांब!” इंदी ओरडली. “ती अजून वर आली नाही!”

“इंदीबाई, तुम्हीच असं बोलायला लागलात तर कसं?” बिबट्या म्हणाला. आवाजात राग नव्हता. “हे बघा, साडेचार. माझी वेळ. ज्याची वेळ, त्याचा डोह.”

आणि खरंच पोरांनो, तो काही खोटं बोलत नव्हता. त्या जंगलात त्याच्याइतकं नियमानं वागणारं कुणी नव्हतं. तो अंग आवळून खाली बसला.

इंदी भुंकली. आयुष्यात भुंकली नव्हती अशी भुंकली. चंद्रीनं वर पाहिलं आणि वाट सोडून बाजूच्या करवंदीच्या जाळीत अंग झोकून दिलं. बिबट्याची झेप पडली. काट्यांत त्याचं नाक रक्ताळलं आणि तोंडात आला फक्त चंद्रीच्या शेपटीचा गोंडा.

इंदी थेट दरबारात शिरली.

“महाराज, माझी बहीण मेली असती! तिचा ‘जर’ ‘किरकोळ-दोन’मध्ये नेऊन टाकलाय, म्हणजे काढल्यासारखाच!”

“काढलेला नाही,” धनेश शांतपणे म्हणाला. “‘किरकोळ-दोन’मध्ये आहे. जागेवर आहे. फक्त त्याला कुणी विचारत नाही.”

“मग पहिल्या फाईलीतून विचारा ना! एक ‘जर’ तर घालायचाय!”

धनेशनं चोच वर केली. “एक घातला की अकरा होतील, महाराज.”

महाराजांनी फळीकडे पाहिलं. फळीवर दहा होतं. रंग चांगला पक्का होता.

“इंदे,” महाराज शेवटी म्हणाले, आणि ते मनापासून कळवळून म्हणाले, “तुझं दुःख मला कळतं गं. असं कर. फाईलीला हात नको लावू. तू डोहाच्या वाटेवर उभी राहा आणि तेवढं तोंडी सांगत जा. तात्पुरतं.”

‘तात्पुरतं’ हा शब्द ऐकून तुमचे आईवडील सुस्कारा का टाकतात, ते तुम्हांला नोकरीला लागल्यावर कळेल.

इंदी नाही म्हणू शकली असती. पण चंद्रीला रोज तहान लागायची. इंदी वाटेवर जाऊन उभी राहिली. चंद्री वर येईपर्यंत ती बिबट्याला थांबवून धरायची. तोही थांबायचा. महाराजांची आज्ञा म्हटल्यावर प्रश्नच नव्हता.

चार दिवसांनी एका डोळ्यानं अधू असलेलं अस्वल आलं. “इंदीताई, माझाही नियम कुठेतरी हरवलाय म्हणे. तेवढं माझंही बघ ना.” मग हत्तीण आली. मग पिलांवाल्या रानडुकरिणी. मग साप आला, मुंगूस कधी येणार आहे ते विचारायला. इंदीला सगळ्यांचं सगळं ठाऊक होतं. तिनंच तर महिनाभर हिंडून समजून घेतलं होतं. आठवड्याभरात सेहेचाळीसच्या सेहेचाळीस ‘जर’ फायलींमधून निघून इंदीच्या डोक्यात जाऊन बसले.

हे धनेशच्या कानावर गेलं. तो भयंकर खूश झाला. एकशे वीस फायली आता हव्यात कशाला? त्यानं सगळ्या पुसून टाकल्या आणि एकच ठेवली. तिच्यात एकच ओळ. मागणी कुणाचीही येवो, उत्तर जायचं: ‘इंदीला विचारा.’

यंत्र धरलं. एक!

इतका कमी गुंता कुठल्याच जंगलात कुणी पाहिला नव्हता. फळी नव्यानं रंगवली. धनेशला शाल मिळाली, नारळ मिळाला. त्यानं तासभर भाषण केलं. गुंता कमी करता येतो, फक्त मनात आणावं लागतं, असं तो म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या जंगलाला गेला. इंदीलाही सत्काराचं बोलावणं होतं. पण ती येणार कशी? ती वाटेवर उभी होती.

ऐन वैशाखात एका दुपारी चंद्री पाणी पिऊन चढ चढून आली. मागे डोह रिकामा होता, कुणाची भीती नव्हती. ती इंदीपाशी थांबली आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिली.

“ताई, तुझे ओठ किती फुटलेत गं. तू पाणी कधी प्यालीस?”

इंदीनं आठवून पाहिलं. तिनं मनातल्या मनात सेहेचाळीसही ‘जर’ पहिल्यापासून म्हणून पाहिले. लंगड्यांचा होता, आंधळ्यांचा होता, पिलांवाल्यांचा होता. वाटेवर उभं राहणाऱ्याचा त्यात एकही नव्हता. पूर्वी कुणी उभंच राहत नव्हतं, मग अण्णा तरी कुठून लिहिणार? आणि वाट सोडून खाली उतरावं, तर इथे पुढच्याला थांबवणार कोण?

“वेबसाइटवर मागणी टाकून बघ ना,” चंद्री म्हणाली.

इंदीनं मोबाईल काढला. मागणी टाकली. पूर्वी निदान क्षणभर वाट बघावी लागायची. आता गुंताच उरला नव्हता, त्यामुळे उत्तर डोळ्याचं पातं लवायच्या आत आलं.

‘इंदीला विचारा.’

तात्पर्य: पोरांनो, कुठलंही काम मुळापासून समजून घेऊ नका. चुकून समजलंच, तर चेहऱ्यावर दिसू देऊ नका. आणि गुंता कमी झाला म्हणून कुठे टाळ्या वाजायला लागल्या, तर आपण वाजवण्याआधी आपलं डोकं चाचपून बघा.