लांडग्याच्या दारी गेलेली जाहा

ही दोन हजार चोवीस सालची गोष्ट. त्या साली जॉर्डनमधल्या सल्त गावात ऑलिव्हला फळ कमी धरलं, बाजारातल्या पायऱ्या पालिकेने पुन्हा एकदा उखडून ठेवल्या, आणि उम्म नायेफने जाहीर केलं की इंटरनेटवर पेटलेलं भांडण ती एका दुपारात मिटवून दाखवील!

नायेफची आई म्हणून उम्म नायेफ. तिचं खरं नाव रस्मिया, पण ते तिच्या थोरल्या भावाखेरीज कुणी घेत नसे. बढाई मारायचा तिला हक्क होता. पूर्वी त्या उतारावरच्या गल्लीत भांडण कुणाचंही असो, पाण्याच्या टाकीचं, कोंबड्यांचं, लग्नात कुणाला आधी वाढलं याचं, ते तिच्या पुढच्या खोलीत यायचं आणि चहाच्या दुसऱ्या पेल्याला विरघळायचं. हाडवैर असलेल्या दोन जावांना तिनं असं जोडून दिलं होतं की पुढे त्या दोघी मिळून तिच्याशीच भांडायला आल्या!

मिटलं नाही ते फक्त तिचं स्वतःचं भांडण. एकुलता एक नायेफ जर्मनीत डॉर्टमुंडला इस्पितळात नोकरीला. बाप वारला तेव्हा तो आला नाही. म्हणाला, कागद अडकलेत, आत्ता निघालो तर परत घेणार नाहीत. उम्म नायेफ म्हणाली, बापाला खांदा द्यायला कागद लागत नाहीत. आणि तिनं शपथ घेतली, चारचौघांसमोर, की तो आधी फोन करीत नाही तोवर ती करणार नाही. नायेफ तिचाच मुलगा. त्यानेही केला नाही. चार वर्षं गेली.

मग त्या साली, ज्या दुकानातून नायेफ कॉम्प्युटरवरचे खेळ विकत घ्यायचा, त्या दुकानाने नवी सोय काढली. एकाने खेळ घ्यायचे, घरच्या पाचसहा जणांनी खेळायचे. नायेफचा जुना कॉम्प्युटर आईकडेच होता आणि त्यावर त्याची मामेबहीण लमीस येऊन खेळत बसायची. लमीस एक्स-रे काढायच्या नोकरीत होती, वयाने सव्वीस, आणि अंगात खोड्या सहा वर्षांच्या. तिनं गंमत म्हणून आत्याच्या नावाने खातं उघडलं आणि नायेफला कळवलं, तुझे खेळ दे. दुसऱ्या दिवशी पडद्यावर ओळ आली. लमीसने ती मोठ्याने वाचली :

"नायेफ तुम्हाला आपल्या कुटुंबात सामील होण्याचं आमंत्रण देत आहे."

उम्म नायेफ वांगी तळत होती. झारा हातात तसाच घेऊन ती बाहेर आली.

"परत वाच."

लमीसने वाचलं.

"त्याला सांग," आत्या म्हणाली आणि ओढणीने डोळे पुसू लागली, "मी गेलेच कुठे होते?"

"आत्या, हे खेळांचं आहे गं..."

"दाब! हो म्हणून दाब!"

नायेफच्या नावापुढे हिरवा ठिपका पेटला की तो जागा आहे, कॉम्प्युटरपाशी आहे. एवढं कळलं आणि उम्म नायेफला चार वर्षांनी जेवण गोड लागलं. तिनं त्याच्या खेळांतला सगळ्यांत सोपा निवडला. नदी, गळ, आणि मासे. एका वेळी एकानेच खेळायचा असा नियम होता, म्हणजे ही नदीवर असली की तो बाहेर! पहिल्याच रविवारी पडद्याच्या कोपऱ्यात चौकट उघडली :

"लमीस, ऊठ तिथून. मला खेळायचंय."

तिनं एका बोटाने टाइप केलं. "मी लमीस नाही. आई आहे."

 मग शब्द आले :

"मग मासा ओढायची घाई करू नकोस, आई. तुटतो."

त्या दिवसापासून ती नायेफच्या सुट्टीच्या वेळेला मुद्दाम नदीवर जाऊन बसू लागली, बसस्टॉपवर सामान पसरून बसणाऱ्या बाईसारखी! तो वैतागायचा. "आई, मला आठवड्यात एक सुट्टी मिळते!" "आई, त्या पुलाखाली काही मिळत नाही, किती वेळा सांगू!" ती लमीसला वाचायला लावायची आणि खुशीत म्हणायची, "ओरडला! अगदी बापासारखा ओरडला!" शपथही शाबूत होती. फोन कुठे केला होता तिनं? ती तर नुसती मासे पकडत होती.

आणि इथे लमीस त्या भांडणाची बातमी घेऊन आली.

"आत्या, खेळणाऱ्यांत भांडण लागलंय. दुकानाचा नियम आहे म्हणे, एका घरातले असाल तरच कुटुंब."

त्या दुकानातून खेळ घेणाऱ्यांचं इंटरनेटवर एक मोठं अरबी चर्चापान होतं. त्याची देखरेख करणारा स्वतःला 'पहाटेचा लांडगा' म्हणवून घ्यायचा, आणि त्याने वर ठळक अक्षरांत लिहून ठेवलं होतं : पत्ता एक तर कुटुंब एक. बाकीचे चोर! खाली रण माजलं होतं. एक मोरोक्कोवाला विचारत होता, सासू धरायची का? ओमानचा एक जण लिहीत होता, माझ्या बापाच्या तीन बायका तीन घरांत आहेत, तर मी कुणाचा?

"बाजूला हो," उम्म नायेफ म्हणाली. "पोरं आहेत बिचारी. कुणी समजावून सांगितलं नाही त्यांना."

तिनं दुपारभर खपून लिहिलं : 'बाळांनो, मी सल्तची उम्म नायेफ. माझा मुलगा डॉर्टमुंडला आहे आणि आम्ही एक घर आहोत. घर भिंतींचं नसतं. ज्याला पटत नसेल त्याने माझ्या दारात येऊन सांगावं. चहा देईन.'

झालं! लांडग्याने लगेच उत्तर टाकलं, "आजी, तुम्ही स्वतःच्या तोंडाने चोरी कबूल केलीत. मी दुकानाला कळवतोय." आजीला चोर म्हणाला! सगळं चर्चापान उसळलं. अम्मान, ट्युनिस, बसरा, जिकडून तिकडून लोक आजीच्या बाजूने उभे राहिले, आणि पाठिंबा म्हणून प्रत्येकाने आपापलं लिहिलं : मीही कुवेतला, माझा भाऊ अम्मानला, आम्हीही एक घर! मी कैरोत, बहीण टोरोंटोत, आम्हालाही काढा! शेकडो जणांनी नावगावासकट सांगून टाकलं. उम्म नायेफ अभिमानाने फुलली. "बघ, मिटलं की नाही?"

मिटलं खरं! दुकानाने ती सगळी नावं वाचली आणि सगळ्यांना आपापल्या कुटुंबांतून काढून टाकलं. वेचायला सोपी जावी म्हणून डाळच कुणी पांढऱ्या कापडावर पसरून द्यावी, तसं आजीने करून दिलं होतं. कालपर्यंत जयजयकार करणारे आता लिहू लागले, "त्या म्हातारीने घालवलं!"

उम्म नायेफच्या पडद्यावर ओळ होती, "तुम्ही आता या कुटुंबाच्या सदस्य नाही. वर्षभर कोणत्याही कुटुंबात सामील होता येणार नाही."

"वर्षभर?" ती म्हणाली. "नवरा मेला तेव्हासुद्धा मला सुतकात चार महिने दहा दिवसच घरात बसवलं होतं!"

ती हसली नाही. ठिपका होता त्या जागी तिनं बोटाने पडदा पुसला. लमीसने नायेफला निरोप पाठवला, उत्तर नाही. दुसरा पाठवला, तोही तसाच.

बहिणीचं तोंड पाहून अबू सत्ताम उठला. अबू सत्ताम म्हणजे उम्म नायेफचा थोरला भाऊ, लमीसचा बाप, फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त. त्याच्या मते जगातल्या कुठल्याही तंट्यावर एकच इलाज होता : जाहा. गावातली वजनदार माणसं जमवायची, समोरच्याच्या दारात जायचं, त्याने पुढे केलेली कॉफी तशीच ठेवायची. मागणं मान्य झाल्याशिवाय घोट घ्यायचा नाही. खुनाचे तंटे त्याने असे मिटवले होते.

"बाबा," लमीस म्हणाली, "तो लांडगा दुकानाचा माणूस नाही. नुसता देखरेख करतो."

"दाराशी जो उभा असतो त्याच्याकडेच चावी असते. त्याचं गाव शोध."

जॉर्डनमध्ये माणूस लपणं म्हणजे ताटलीत उंट लपवणं. लांडग्याने कधीतरी आपल्या जेवणाचा फोटो टाकला होता, त्यात खिडकीबाहेर टायरच्या दुकानाची, मादबा गावचं नाव असलेली पाटी दिसत होती. अबू सत्तामने मादब्यातल्या एका जुन्या सोबत्याला फोन केला, आणि कॉफीचं भांडं उतरायच्या आत सगळं कळलं. पोराचं नाव कुतैबा. बाप अबू कुतैबा, टायरवाला, सज्जन माणूस. अबू सत्तामने त्याला एवढंच कळवलं, "तुमच्या मुलाकडून आमच्या घरावर मोठं संकट आलंय. शुक्रवारी जाहा घेऊन येतो."

त्या बापाने काय समजावं?

शुक्रवारी भाड्याच्या बस मादब्याला पोचल्या तेव्हा रस्त्यात तंबू ठोकलेला होता. अबू कुतैबाच्या बाजूचे सगळे म्हातारे काळे अंगरखे घालून रांगेत उभे, चेहरे उतरलेले. जाहा पुरुषांची असते, पण उम्म नायेफ लमीसला घेऊन हट्टाने बसमध्ये चढली होती. दोघींना आत बायकांत नेलं. कुतैबाची आई उम्म नायेफचे हात धरून रडू लागली.

"बहिणी, देव तुला धीर देवो. कुणाला गाडीखाली घेतलं गं माझ्या पोराने?"

"गाडीखाली? कुणालाच नाही."

"कुणालाच नाही?" त्या बाईने ओढणी तोंडावरून काढली. "खरं सांगू? आमच्याकडे निरोप आला तेव्हा मी रडले, पण क्षणभर बरंही वाटलं. म्हटलं, पोरगं खोलीबाहेर तरी पडलं होतं!"

बाहेर तंबूत अबू सत्तामसमोर कॉफी आली. त्याने कप खाली ठेवला.

"आमचं एक मागणं आहे," तो म्हणाला.

अबू कुतैबाने कप पुन्हा त्याच्यापुढे सरकवला. "कॉफी घ्या. जे मागाल ते दिलं! फक्त एवढं सांगा, तुमचा माणूस गेला की वाचला?"

"कोणता माणूस?"

"ज्याला लागलं तो."

"नायेफ होय? तो जर्मनीत असतो."

"या अल्लाह, जर्मनीला हलवावं लागलं!"

उलगडा व्हायला वेळ लागला. लमीसला दारात बोलावून सांगायला लावलं. खेळांचं दुकान, कुटुंब, पत्ता, लांडगा. अबू कुतैबाच्या चेहऱ्यावर आधी सुटका दिसली, मग तो लाल झाला. पण शब्द दिलेला होता, साऱ्या मादब्यासमोर!

"कुतैबा!" तो गरजला. "या बाईंना आत्ताच्या आत्ता त्यांच्या कुटुंबात परत घे!"

लांडगा पुढे आला. चष्मा, खांदे वाकलेले, नव्या शर्टाची घडी अजून मोडलेली नाही.

"बाबा, ते माझ्या हातात नाही."

"मग तिथे तू करतोस काय?"

"लोक शिव्या लिहितात. मी त्या पुसतो."

"पगार किती देतात?"

"काही नाही."

अबू कुतैबाने आकाशाकडे पाहिलं. "मग हातात कुणाच्या आहे?"

"कंपनीच्या. अमेरिकेत."

अबू सत्तामने विचारलं, "ते लोक कॉफी पितात?"

आता पेच पडला. मागणं पुरं झालं नाही म्हणून अबू सत्तामला कॉफी पिता येईना. पाहुण्यांनी कॉफी घेतली नाही म्हणून यजमानाला जेवण वाढता येईना. मागे परातींमध्ये दह्यातलं मटण आणि भात गार होत होता, वरची तुपाची साय घट्ट व्हायला लागली होती. दोन्हीकडचे म्हातारे एकमेकांकडे न बघता परातींकडे बघत होते. कुणालाच उठता येईना!

तेवढ्यात पडदा सरला आणि उम्म नायेफ पुरुषांच्या तंबूत आली. सरळ चालत भावापुढे गेली, कप उचलला आणि ती थंडगार कॉफी एका घोटात पिऊन टाकली.

"रस्मिया!"

"मागणं माझं होतं, दादा. मी सोडलं. यांना जेवू दे."

अबू कुतैबाच्या डोळ्यांत पाणी आलं. तो म्हणाला, "ताई, एक विचारू? मुलाला तुम्ही फोनच का करत नाही?"

"शपथ आहे."

"शपथ सुटते की! दहा गरीब जेवू घाला."

"घाला, घाला!" जाहातला एक निवृत्त हवालदार परातीकडे बघत म्हणाला. "माझी पेन्शन बघितलीत तर मी एकटाच चौघांच्या जागी चालेन."

तंबू हसला. उम्म नायेफ हसली नाही. "उद्या घालीन दहा जण," ती म्हणाली. "लमीस, लाव."

लमीसने सगळ्यांना ऐकू येईल असा फोन लावला. तो वाजत राहिला. सगळे पुढे वाकले.

"आई?" नायेफचा आवाज घाबरलेला होता. "कोण गेलं?"

"कुणी नाही रे. सगळे आहेत."

"मग..." पलीकडे एक दार लागल्याचा आवाज आला. "तूच सोडून गेलीस ना? माझ्याकडे तसं आलं. उम्म नायेफ यांनी कुटुंब सोडलं."

"मी? मी सोडीन?"

"दुकानाने काढलं, भाऊ," कुतैबा फोन हातात घेत मध्येच बोलला. "आजींनी नाही सोडलं."

"तू कोण?"

"मी... पहाटेचा लांडगा."

"लांडगा? माझ्या आईला चोर म्हणणारा? तू माझ्या घरात काय करतोयस?"

"तुम्हीच माझ्या घरात आहात!"

अबू कुतैबाने मुलाच्या हातून फोन काढून घेतला आणि उम्म नायेफच्या कानाला लावला. पलीकडून कुणीतरी जर्मनमध्ये हाक मारत होतं.

"आई, मी कामावर आहे. नंतर करतो."

"कर हं," ती म्हणाली. तंबूत टाळ्या झाल्या, जेवण वाढलं गेलं, आणि मादब्याने त्या दिवशी पाहुण्यांना उभं राहून वाढलं.

अबू सत्ताम त्यानंतरच्या हिवाळ्यात वारला. इंटरनेटवर जाहा नेणारा आपण पहिलाच, असं तो शेवटपर्यंत सांगे. कुतैबाने देखरेख सोडली. हल्ली तो बापाच्या दुकानात बसतो आणि आईसमोर जेवतो. लमीस लग्न होऊन करकला गेली, पण महिन्याकाठी आत्याकडे येते. नायेफ दोन्ही ईदांना फोन करतो. तब्येत विचारतो, औषधं विचारतो, फार सभ्यपणे बोलतो. ओरडत मात्र नाही.

वर्ष भरलं तेव्हा लमीस मुद्दाम सल्तला आली आणि कॉम्प्युटरपुढे बसली. नायेफचं कुटुंब भरलेलं होतं : त्याची नुकतीच लग्न होऊन आलेली बायको, तिचे भाऊ, तिची आई. सगळ्यांचा पत्ता डॉर्टमुंडचा. एकही जागा रिकामी नव्हती.

"नियमात बसतात ना सगळे?" उम्म नायेफने विचारलं.

"बसतात, आत्या."

"मग बरं झालं. आता कुणी काढणार नाही त्याला." तिनं ओढणीने पडदा पुसला. मग म्हणाली, "हे यंत्र बंद कसं करतात गं? मला नुसतं चालू ठेवायचंच शिकवलंय तू."