नारळ चुकीच्या समुद्राला

नारळी पौर्णिमा तोंडावर आली की चिमाजीच्या घरात दरवर्षी एकच संवाद होई, आणि तो आता दोघांनाही पाठ झाला होता.

"रजेचं काय झालं?" कौशल्याबाई विचारी.

"नाय मिळत. नवा कारखाना, साहेब कडक. पुढल्या वर्षी नक्की," असं म्हणून चिमाजी आंघोळीला निघून जाई. या विषयानंतर तो नेहमी आंघोळीलाच जाई, मग सकाळची आंघोळ झालेली असली तरी.

हर्णैची कौशल्याबाई काळेवाडीत येऊन पाच वर्षं झाली होती. ठकुबाईच्या गोठ्याशेजारच्या दोन खोल्यांत तिचा संसार उत्तम चालला होता. नवरा निर्व्यसनी, सात वर्षांची शालू शाळेत हुशार. फक्त समुद्र नव्हता. पवनेला पूर आला की चुलीपुढे बसल्याबसल्या तिला क्षणभर गाज ऐकू येई. मग ठकुबाईची म्हैस ओरडे, आणि आपण कुठे आहोत ते तिला कळे.

यंदा मात्र प्रकरण गंभीर होतं. तिच्या भावानं, बाळाजीनं, नवी होडी केली होती. गावच्या एका माणसाबरोबर त्यानं माहेरच्या अंगणातला नारळ पाठवला होता आणि निरोप होता, "पहिला नारळ तुझ्याच हातचा दर्यात पडूदे. मग होडी काढतो."

रजा तर नव्हती. पण चिमाजीला युक्ती सुचली.

"नद्या कुठं जातात? समुद्राला. पवना आपल्या दारावरनं जाते. दे तिच्यात सोडून. घरपोच जाईल."

इतकी सोपी गोष्ट आधी कुणालाच कशी सुचली नाही, याचं त्याला स्वतःलाच नवल वाटलं.

पौर्णिमेच्या सकाळी कौशल्याबाईनं नारळाला सोनेरी बेगड लावली, हळदकुंकू वाहिलं. सोबतीला ठकुबाई आली. तिनं जन्मात समुद्र पाहिला नव्हता.

"पाणी किती आसतं गं त्यात?"

"पलीकडचा काठ दिसत नाय, एवढं."

"आगं बया. मंग ऊस किती व्हत आसंल."

"खारं असतं पाणी."

"खारं?" ठकुबाई थबकली. "मंग काय उपेग त्याचा?"

त्या बिनउपयोगी पाण्याच्या आठवणीनं कौशल्याबाईचे डोळे भरून आले. "दर्यादेवा, बाळाजीची होडी सांभाळ," म्हणून तिनं नारळ पवनेत सोडला. बेगड चमकवत तो वळणाआड गेला.

घरी शालू शाळेचं पुस्तक उघडून बसली होती. पाण्याचा एक थेंब जरी लागला तरी पुन्हा पुस्तक मिळणार नाही, या अटीवर गुरुजींनी ते दिलं होतं. त्यातले बहीणभाऊ आईवडिलांबरोबर सगळा देश बघत हिंडत होते. शेवटच्या पानावर मोठा रंगीत नकाशा होता.

"आई, मामाचा समुद्र डाव्या हाताला ना?"

"हो."

"मग पवना उजव्या हाताला का चाललीय?"

शालूनं बोट टेकवलं. गुरुजींनी सांगितलं होतं, पवनेचं पाणी पुढे भीमेला जातं. ही भीमा. ती कृष्णेला मिळते. ही कृष्णा. बोट सरकत सरकत आंध्रात गेलं आणि तिथल्या भलत्याच समुद्रात पडलं.

कौशल्याबाईनं नुसतं नवऱ्याकडे पाहिलं. तो पंचा गुंडाळून आंघोळीलाच निघाला होता.

"नकाशा उलटा धरलास," तो म्हणाला आणि त्यानं पुस्तक फिरवलं. हिमालय खाली आला, एवढाच फरक पडला. "छापणारे चुकले असतील. इकडं संयुक्त महाराष्ट्राची चळवळ चाललीय आणि आपली नदी आंध्रात कशी जाईल?"

"तिथला दर्या माझ्या भावाला ओळखतो काय?" कौशल्याबाई म्हणाली, आणि पायात काही न घालता नदीकडे पळत सुटली.

तिच्यामागे धार अर्धी टाकून ठकुबाई, तिच्यामागे पुस्तक छातीशी धरून शालू आणि सगळ्यात मागे पंचा सावरत चिमाजी. काठाकाठानं वरात खालच्या अंगाच्या रहाटणी गावाकडे निघाली. वाटेत जो भेटेल त्याला ठकुबाई पळता पळता सांगत होती, "बाईच्या भावाचा नारळ वाहून गेलाय." बातमी तोंडातोंडी पुढे जाईपर्यंत वाक्यातला नारळ गळून पडला. रहाटणीत पोचले तेव्हा चार गडी दोरखंड घेऊन काठावर उभे होते.

"हिचाच भाऊ वाहून गेला," एकजण हळूच म्हणाला.

ते ऐकून कौशल्याबाई मटकन खाली बसली. जिच्या भीतीनं ती धावत आली होती तीच गोष्ट परक्या माणसाच्या तोंडून निघाली होती. गड्यांना काय ते समजावून सांगताना चिमाजीला पंचा आणि शब्द दोन्ही आवरेनात.

जरा पुढे बिरू धनगर मेंढरं सोडून दगडावर बसला होता. एका गड्यानं त्याला विचारलं, "काय वाहत आलेलं बघितलं का रं?"

"मानूस न्हाई दिसला. नारळ आला व्हता. काठीनं वढला." त्याच्या मिशीला सोनेरी बेगड चिकटली होती.

"कुठाय?" कौशल्याबाई उठली.

बिरूनं तोंडातला घास गिळला. "आर्धा हाय."

तिनं ती अर्धी वाटी हातात घेतली. आधी वास घेतला, मग दातानं तुकडा तोडला. विहिरीजवळचा माड, त्याच्या मुळाशी भांडी घासणारी आई, ओल्या जाळ्यांचा वास, सगळं एका घासात आलं. इतक्या माणसांसमोर ती मोकळेपणानं रडली. ठकुबाईनंही एक तुकडा तोंडात टाकला.

"खाऱ्या पान्याच्या काठाला इतकं ग्वाड येतं व्हय?"

"येतं."

"मंग तू हितं कशी ऱ्हातीस गं?"

चिमाजी पंच्याचा काठ निरखत राहिला.

कौशल्याबाईनं डोळे पुसले आणि उरलेली वाटी त्याच्या हातात दिली. "हा दर्यात पडल्याबिगर बाळाजी होडी काढायचा नाय."

"पुढल्या वर्षी..." सवयीनं त्याच्या तोंडून निघालं.

"ओलं खोबरं हाय. परवापर्यंत नासंल."

अख्खा नारळ ठेवता आला असता. फोडलेला थांबणार नव्हता, आणि आंघोळीला जावं तर चिमाजी पंच्यावरच नदीकाठी उभा होता. दुपारच्या शिफ्टला तो लवकर गेला आणि पाच मिनिटांत काम आटोपून घरी परतला.

"चार दिवस मिळाले."

"इतक्या सहज?"

चिमाजी उंबऱ्यावर बसला. "साहेब म्हणाले, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मागतोयस."

कौशल्याबाई लुगड्यांच्या घड्या करत होती. तिचे हात थांबले.

"का नाय मागितली?"

"वाटायचं," तो खाली बघत म्हणाला, "एकदा समुद्र दिसला की तू परत यायची नाहीस."

शालूनं पुस्तक ओलं झालं नाही ना ते पुन्हा एकदा पाहिलं. मग कौशल्याबाईनं फळीवरची तेलाची रिकामी बाटली काढून नवऱ्यापुढे ठेवली.

"ही धुवून द्या. येताना भरून आणायची हाय. ठकुबाईला खारं पाणी दाखवायचंय."

चिमाजी बाटली घेऊन मोरीत गेला. एवढीशी बाटली, पण तो बराच वेळ बाहेर आला नाही.