फक्त सर्व्हिसिंग

"बाईक सर्व्हिसिंगला टाकतोय," असं इंद्रजीतने बायकोला, रुचिराला सांगितलं, ते तसं खोटं नव्हतं. ऑइल बदललं होतंच. त्याबरोबर कंपनीचा सायलेन्सर काढून आखूड, काळाकुळकुळीत नवा बसवला आणि लॅपटॉप जोडून इंजिनाचं ट्यूनिंगही करून घेतलं, एवढं सांगायचं राहून गेलं. (विमा कंपनीत क्लेमच्या टेबलावर बसणाऱ्याला माहिती कुठे थांबवायची ते बरोबर कळतं.)

निमित्त क्षुल्लक होतं. सिग्नलला शेजारच्या स्कूटरवरची कॉलेजातली मुलगी म्हणाली होती, "काका, बाईक भारी आहे, पण आवाज मिक्सरसारखा येतो." यातलं 'मिक्सर' त्याने एक वेळ सोसलं असतं. 'काका' जिव्हारी लागलं.

सुकापूरच्या बाळू मेकॅनिकने बजावलं होतं, "साहेब, हा रेसच्या ट्रॅकवरचा माल हाय. रस्त्यावर चालत नाय. आन् ट्यूनिंग अजून पुरं झालं नाय, अॅक्सिलरेटर सोडलात की फटाके वाजतील. उद्या दुपारी परत आणा."

रात्री त्याने कोपऱ्यावरच इंजिन बंद करून बाईक ढकलत घरी आणली. पण दुपार उजाडायच्या आधी सकाळ आली. रुचिराचा दहा वाजता खारघरच्या कॉलेजात इंटरव्ह्यू होता. विषय फिजिक्स, आणि पॅनेलसमोर डेमो लेक्चर. लेकीच्या जन्मानंतर नोकरी सोडली, त्याला आठ वर्षं झाली होती. गेला महिनाभर ती स्वयंपाकघरात ओट्याला लेक्चर देत होती. आणि नऊ वाजता तिसऱ्या कॅबवाल्याने राइड रद्द केली.

"चल, बाईकवर सोड मला."

"बाईकवर? अगं, वारा आहे आज."

"इंद्रजीत, कालच सर्व्हिसिंग झालंय ना?"

झालं! आता नाही म्हणायचं तर खरं सांगायचं, आणि ऐन इंटरव्ह्यूच्या सकाळी खरं सांगायचं धैर्य त्याच्यात नव्हतं. त्याने बाईक गेटपर्यंत हाताने ढकलत नेली.

"ढकलतोयस का?"

"तेवढाच व्यायाम."

शेवटी बटण दाबावंच लागलं. पार्किंगमधल्या तीन गाड्या एकदम केकाटू लागल्या. सोसायटीचे चेअरमन कमळाकर तोंडात ब्रश घेऊन गॅलरीत धावले. "अहो, शिलिंडर कुणाचा फुटला?"

"हा आवाज कसला?" रुचिरा मागून ओरडली.

"सर्व्हिसिंगनंतर मोकळा होतो!"

"काय?"

पुढचं कुणालाच ऐकू आलं नाही, हाच काय तो नव्या सायलेन्सरचा फायदा.

कळंबोलीपर्यंत त्याने अॅक्सिलरेटर सोडला म्हणून नाही. खांद्यावर रुचिराची बोटं रुतत होती, आणि तिच्या घड्याळात नऊ पंचवीस झाले होते. तेवढ्यात नाक्यावर एका ट्रॅफिक हवालदारबाईंनी हात वर केला. आता सोडणं भागच होतं.

धाड! धाड! धडाम!

बॅरिकेडमागचा शिपाई चहासकट खाली बसला. हवालदारबाई मात्र जागच्या हलल्या नाहीत. छातीवर नाव होतं, शशिकला.

"सायलेन्सर कुठला?"

"कंपनीचा," इंद्रजीत म्हणाला.

"कुठल्या कंपनीचा? तोफांच्या?"

रुचिराने हेल्मेट काढलं, खाली उतरून वाकून पाहिलं आणि नवऱ्याकडे बघितलं. इंद्रजीतला वाटलं, या नजरेपेक्षा धडाम बरं.

मग ती शशिकलाबाईंना म्हणाली, "मॅडम, यांना काय करायचं ते करा, माझी हरकत नाही. पण दहाला माझा इंटरव्ह्यू आहे, आठ वर्षांनी. मला तेवढं जाऊ द्या."

"अहो ताई, तुम्हाला कोण अडवतंय?" बाईंनी जाणारी रिक्षा शिट्टी मारून थांबवली. "ए, मॅडमना खारघरला कॉलेजवर सोड. दहाच्या आत. साहेब, तुम्ही चावी द्या. जुना सायलेन्सर इथे येऊन बसेपर्यंत बाईक हलायची नाही."

बाळूला फोन लावला. "दुकानात गिऱ्हाईक हाय, साहेब. येतो बाराला." इंद्रजीत बॅरिकेडला टेकून उन्हात उभा राहिला. दहा वाजले, अकरा वाजले. रिक्षा वेळेत पोचली असेल का? धक्क्याने ती लेक्चरच विसरली तर? आठ वर्षांनी आलेली संधी आपण एका नळकांड्यापायी घालवली, या विचाराने त्याला पाणीसुद्धा गोड लागेना.

साडेअकराला फोन वाजला.

"मिळाली!" रुचिरा फोनवर ओरडली. "सोमवारपासून ये म्हणाले."

त्याचे डोळेच भरून आले. "आणि लेक्चर?"

"तयार केलेलं सगळं विसरले. कानात नुसतं धडाम. मग आवाजावरच बोलले. नळी आतून जितकी रिकामी, तितका गोंगाट जास्त."

"वा! पटलं त्यांना?"

"खूप. मी रोजच्या जगण्यातलं एक उदाहरण दिलं, नाव न घेता. प्रिन्सिपल म्हणाले, 'मॅडम, उदाहरण फार जिवंत आहे.' मी म्हटलं, हो सर, आत्ता कळंबोलीच्या नाक्यावर उभं आहे."